नीलम कॅचरच्या बोटखुणा

आमच्या गल्लीत सकाळी पावणेसहाला दोन दारं उघडतात. एक माझं, कारण मी तुळशीला पाणी घालायला बाहेर येते. दुसरं समोरच्या नीलमचं, कारण ती मैदानावर निघते. तिच्या खांद्यावर एवढी मोठी पिशवी असते की नवख्या माणसाला वाटावं, बाई भांडून माहेरी चालली. पिशवीत छातीवर बांधायचं चिलखत, पायांचे पट्टे, तोंडाची जाळी आणि उशीसारखा फुगीर चामडी मोजा. नीलम बेसबॉल खेळते. अमरावतीच्या 'अंबानगरी' संघाची ती कॅचर आहे.

मी वहीत रोजचंच लिहिते. आज कोणता वार, पोथीचा कितवा अध्याय झाला, कोणाकडे हळदीकुंकू, दुधात पाणी होतं का. पण गेल्या वैशाखात आठ-दहा पानं नीलमनेच खाल्ली. तीच आता नीट उतरवून काढते आहे. माणसाबद्दल चांगलं लिहायचं असेल तर तो हयात असताना लिहावं, असं मला वाटतं.

आधी खेळ समजावा म्हणून दोन ओळी. चेंडू फेकते ती पिचर. तिच्यासमोर बॅट घेऊन बॅटर उभी असते, आणि बॅटरच्या पाठीशी उकिडवी बसून चेंडू झेलते ती कॅचर. मला वाटायचं, फेकणारीच सगळं ठरवत असेल. तसं नाही. ठरवते कॅचर. दोन मांड्यांच्या मध्ये हात धरून ती बोटं दाखवते. एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू, दोन बोटं म्हणजे हळू येऊन वळणारा. बॅटरची पाठ असल्यामुळे तिला ते दिसत नाही. कोणता चेंडू येणार हे तिला आधीच कळलं, तर मग झोडपायला कितीसा वेळ!

नीलमचं माहेर चांदूर बाजाराकडचं. ज्वारी दाण्यावर आली की तिचे वडील तिला शेतातल्या माळ्यावर चढवत आणि हाती गोफण देत. पाखरं उडवता उडवता हात असा तयार झाला की शाळेत तिने फेकलेला चेंडू बरोबरीच्या पोरींना झेलवेना. पुढे अमरावतीला कॉलेजात खेळली, राज्याकडून खेळली. तेविसाव्या वर्षी लग्न झालं, मुलगी झाली, आणि नऊ वर्षं मोजा पेटीत पडून राहिला. मग तीन वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या गावागावांच्या बायकांची लीग सुरू झाली. हंगामाचा करार, मानधन, सगळं रीतसर. नीलमने पेटी उघडली.

तिची सासू दुर्गाबाई पहिल्या दिवशी ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "उकिडवंच बसायचं हाय त घरी भाकरी थाप नं माय! त्याच्यासाठी मैदानावर काहून जा लागते?"

नीलम म्हणाली, "भाकरी अंगावर येत नाई आई, चेंडू येते."

दुर्गाबाई एकदा बघायला म्हणून गेली आणि त्यानंतर तिने एकही मॅच चुकवली नाही. नेमाने पहिल्या रांगेत बसते. मला पण तिनेच ओढून नेलं. देवळात जाण्यासारखंच आहे म्हणाली, चपला मात्र काढू नका.

आता मुख्य गोष्ट.

यंदा अंतिम फेरी अमरावती आणि अकोल्याची लागली. अकोल्याच्या संघाचं नाव 'मोर्णा'. तीन सामने, दोन जिंकेल त्याचा चषक. पहिला अमरावतीला झाला आणि आपण जिंकलो. आमची पिचर तुबा, छायानगरातली बावीस वर्षांची पोरगी. तिचा वळणारा चेंडू अकोल्याच्या पोरींना त्या दिवशी दिसलाच नाही. दुसरा सामना अकोल्याला झाला, तिसराही तिथेच ठरलेला. तिथे त्याच पोरींनी त्याच तुबाला असं झोडपलं की बघवेना. अकरा-दोन. हळूचा चेंडू आला की त्या थांबून मारायच्या, वेगाचा आला की आधीच तयार असायच्या. तुबा शेवटी मोज्यात तोंड घालून रडली.

 परतताना मूर्तिजापूरला चहाला उतरलो, तेव्हा प्रशिक्षक गजेंद्र सर नीलमला बाजूला न नेता सगळ्यांसमोरच म्हणाले, "नीलम, तुह्या खुणा त्याईले पाठ झाल्या. पुढच्या रविवारी अपेक्षा बसन मागं."

अपेक्षा म्हणजे राखीव कॅचर. एकोणीस वर्षांची, गुणी आहे. तिने मान खाली घातली.

नीलमने चहा अर्धा ठेवला. एका सामन्याचा प्रश्न नव्हता. अंतिम सामन्यात जी बसते, तिचंच नाव पुढच्या हंगामाच्या करारात लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. छत्तिसाव्या वर्षी उठवलेली कॅचर पुन्हा कोणी बसवत नाही. नऊ वर्षांनी मिळालेली जागा एका संध्याकाळी चालली होती.

सोमवारी दुपारी मी लोणच्याचा मसाला मागायला गेले, तर नीलम स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून बसलेली. तिच्या नवऱ्याने, सागरने, अकोल्याच्या मॅचचा व्हिडिओ काढला होता. तो जाळीच्या मागे उभा होता, त्यामुळे चित्रात पुढे नीलमची पाठ, समोर तुबा आणि तुबाच्या पार मागे, कुंपणापलीकडे, एका घराची गच्ची दिसत होती.

नीलम चेंडू बघत होती. दुर्गाबाई तिच्या खांद्यावरून भलतंच बघत होती.

"थांबव बरं," दुर्गाबाई म्हणाली. "ह्या कुरोड्या कोणाच्या?"

"आई, मी काय पाहून राहिली, तुमी काय पाहून राहिल्या!"

"अवो पण पाह्य तं! टाकीच्या सावलीत घातल्या. अर्धी गच्ची उन्हानं तापून राहिली अन् बाईनं कुरोड्या सावलीत घातल्या? अशी कोणती अवदसा हाय अकोल्यात?"

मीही वाकून पाहिलं. खरंच. पिवळ्या लुगड्यावर कुरोड्या, म्हणजे वाळवणाच्या कुरडया, टाकीच्या सावलीत. बाजूला उंच स्टुलावर ओढणी टाकलेलं काहीतरी, आणि तिथे टोपी घातलेला एक माणूस.

"आणि राखायला गडी बसला," मी म्हणाले. "आमचे हे जन्मात कधी कावळे हाकायला बसले नाहीत."

दुर्गाबाई हसली, पण नीलम हसली नाही. तिने आवाज मोठा केला. चेंडू पडायच्या आधी कुठूनतरी 'टण्' असा आवाज यायचा. स्टीलच्या डब्यावर चमचा मारावा तसा. तो अकोल्याच्या बाकाकडून येत होता. कधी यायचा, कधी नाही. तिने मागे नेलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेलं. माझा मसाला राहिला तो राहिलाच.

"काकू," ती मला म्हणाली, "मी दोन बोटं दाखवली का वाजते. एक दाखवलं का चूप."

म्हणजे ओढणीखाली मोबाइल, कुरोड्या नुसत्या निमित्ताला. मोबाइल तिची बोटं मोठी करून बघतो, टोपीवाला फोनवर बाकावर सांगतो, बाकावरचा माणूस डबा वाजवतो, आणि बॅटरला कळतं की हळूचा येतो आहे.

मी म्हणाले, "ही तर चोरीच झाली."

"मैदानात उभं राहून कोणी डोळ्यानं माह्या खुणा ओळखल्या त मी त्याले हुशार म्हणीन काकू. मी बी ओळखते दुसऱ्याच्या. पण हे यंत्र लावून पाहणं..." तिने वाक्य सोडून दिलं आणि उठून पोळीचा तवा उतरवला. पोळी जळाली होती.

त्याच संध्याकाळी ती गजेंद्र सरांच्या घरी गेली. दुर्गाबाई सोबत, आणि दुर्गाबाईंसोबत मी. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरल्यावर सगळेच कारण सांगतात नीलम. डबा त कोणी बी वाजवते. पाणी प्यायला ठेवला असन."

नीलमने फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

"आवाज बंद ठेवून पाहा सर. तिसऱ्या इनिंगपासून. मी चेंडू सांगतो, मंग आवाज लावून ताडून घ्या. पहिली बॅटर डावखुरी. पहिला वेगाचा, डबा नाई. दुसरा वेगाचा, नाई. तिसरा वळणारा, वाजन."

ती एकेक चेंडू सांगत गेली. दोन दिवसांपूर्वीच्या मॅचमधला प्रत्येक चेंडू तिला पाठ होता, जसे मला पोथीतले अध्याय. सर आधी खुर्चीत रेलून होते, मग पुढे झुकले, मग वहीत रेघोट्या मारू लागले. एकवीस चेंडूंपैकी एकोणीस जुळले.

"दोन काहून चुकले?" सरांनी विचारलं.

"त्या वक्ती गच्चीवरचा माणूस कुरोड्या खाऊन राहिला असन," दुर्गाबाई म्हणाली.

सर हसले नाहीत. त्यांनी फोन करून पंचांना कळवलं. पंच म्हणाले, घर मैदानाच्या बाहेर आहे, दुसऱ्याच्या गच्चीवर मी कसा चढू? तक्रार लेखी द्या, समिती बसेल, चौकशी होईल, सामना पुढे जाईल. पुढे म्हणजे पावसाळ्यानंतर. तोवर हंगाम संपलेला.

"तक्रार नंतर द्या," नीलम म्हणाली. "मले रविवारी बसू द्या. मी खुणा बदलतो."

सरांनी वहीतल्या रेघोट्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "तीन इनिंग. तीन इनिंगमधी त्याईनं दोनाच्या वर रन काढले, तं चौथीत अपेक्षा. मंग रडायचं नाई."

"रडन कोण?" नीलम म्हणाली.

तिने काढलेली युक्ती साधी होती. एकाऐवजी तीनदा बोटं दाखवायची, त्यातली एकच खूण खरी. कोणती खरी, ते दिवसावर. तारखेवरून ठरवलं तर कोणीही ओळखेल, म्हणून नीलमने तुबाला सांगितलं, "चांदाच्या हिशोबानं धरू. विषम दिवस असन त दुसरी खूण खरी, सम असन त तिसरी." नीलमच्या घरात तिथी सकाळीच कळते, दुर्गाबाई कॅलेंडरपुढे उभी राहून मोठ्याने वाचते. आठवडाभर सरावाला नीलम रोज सांगायची, आज दुसरी, आज तिसरी. झकास जमलं. रविवारी मात्र तोंडातून काढायचं नाही, प्रत्येकीने आपलं मनात धरायचं, असं ठरलं.

रविवारी अकोल्यात ऊन असं की लोखंडी बाकावर बसवेना. मी पदराखाली माळ धरली होती. दुर्गाबाईंनी आल्या आल्या गच्ची पाहिली. "त्याच कुरोड्या," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, उचलल्याच नाईत. रात्रभर दवात ठेवल्या असतीन. तळल्या त वातड होतीन, मले काय!"

सामना सुरू झाला. पहिल्याच बॅटरला नीलमने तीनदा बोटं दाखवली आणि हळूच्या चेंडूसाठी मोजा खाली धरला. तुबाने सणसणीत वेगाचा टाकला. तो नीलमच्या खांद्यावरून जाळीला लागला. दुसऱ्या बॅटरला पुन्हा तेच, उलट. चेंडू मागे गेला की धावणारी पुढे सरकते. असे तीन चेंडू निसटले आणि अकोल्याला एक रन फुकट मिळाला. गजेंद्र सरांनी बाकावरून एक बोट वर केलं. अपेक्षाने उभं राहून हात-पाय मोकळे करायला सुरुवात केली. माझी माळ थांबली.

नीलमने वेळ मागितला आणि तुबाकडे चालत गेली. दोघींनी तोंडापुढे मोजे धरले. ते बोलणं मला तिने नंतर गाडीत सांगितलं, ते असं:

"काय करून राहिली तुबा? तिसरी खूण पाह्य नं!"

"तिसरी कायको दीदी? आज तो दुसरी है."

"आज दशमी हाय. सम."

"दशमी? सुबह दादी से पूछी ना मैं. आज चाँद की सात है."

तुबाच्या आजी, हाजराबी, चंद्र दिसल्यापासून मोजतात. दुर्गाबाई अमावस्येपासून मोजते. चांद एकच, पण आमच्याकडे दशमी आणि तुबाकडे सात! आठवडाभर नीलम स्वतः सांगत होती म्हणून कळलंच नाही. दोघीही आपापल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईचं ऐकून बरोबरच वागल्या होत्या.

मैदानाच्या मधोमध, एवढ्या अंतिम सामन्यात, नीलम कमरेवर हात ठेवून खदखदा हसायला लागली. तुबाही हसली. बाकावर सर डोक्याला हात लावून बसले. त्यांना वाटलं, उन्हाने बाईचं डोकं फिरलं.

"तुहाच चांद धरू," नीलम म्हणाली. "सात. दुसरी खूण."

तिथून खेळ पालटला. गच्चीवरच्या टोपीवाल्याला तिन्ही खुणा दिसायच्या. जुन्या सवयीने पहिलीच खरी समजून तो कळवायचा, डबा टण् वाजायचा, बॅटर हळूच्या चेंडूची वाट बघत उभी राहायची, आणि वेगाचा चेंडू नीलमच्या मोज्यात येऊन थडकायचा. डबा चूप राहायचा आणि वळणारा यायचा. पोरी हवेत बॅट फिरवू लागल्या. एक बॅटर चिडून बाकाकडे वळली आणि ओरडलीच, "कुलदीप सर, नीट वाजवा नं!"

 कुलदीप हे त्यांचे सहायक प्रशिक्षक. त्यांनी डबा मांडीखाली सारला आणि आकाशाकडे बघू लागले. पंचही त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर बॅटिंगला आली अकोल्याची कर्णधार साधना. ती आणि नीलम कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. साधनाने बॅट जमिनीला टेकवली आणि नीलमला विचारलं, "काय वाजवून राहिले हे?"

"तुले माईत नाई?"

"मी त मागच्या मॅचपासून पाहून राहिली, डबा वाजवतात. मले वाटे पोरींना जोर यावा म्हणून." मग तिने गच्चीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. तिचा चेहरा तांबडा झाला. ती बाकाकडे चालत गेली. तिने तो डबा उचलला, कुंपणापलीकडे भिरकावला आणि कुलदीपला म्हणाली, "मले माह्या डोळ्यानं खेळू द्या. नाईतर मी जातो घरी, घ्या चषक अन् त्याच्यात पाणी प्या."

परत येऊन तिने पहिल्याच चेंडूला असा फटका मारला की चेंडू कुंपणाला लागला आणि एक रन आला. तिच्या खऱ्या कमाईचा. आमच्या दुर्गाबाईंनी टाळी वाजवली. मी कोपर मारलं, तर म्हणाली, "चांगलं त चांगलंच म्हणा लागन नं!"

तीन इनिंग झाल्या, अकोल्याचे दोनच रन. चौथी सुरू झाली आणि नीलमच मागे बसली. सरांनी बोटं वर करणं सोडून दिलं होतं. अपेक्षाही मोजा काढून खाली बसली. गच्चीवरचा टोपीवाला कुरोड्या तशाच टाकून कधी उतरला, कोणाला कळलंच नाही.

सातव्या आणि शेवटच्या इनिंगला आपले तीन, त्यांचे दोन. त्यांची एक पोरगी तिसऱ्या टप्प्यावर, रनाला एकच टप्पा उरलेला, दोन बाद, आणि बॅट घेऊन पुन्हा साधना. आता डबा नव्हता, गच्ची रिकामी होती. नीलमने तीन खुणा सोडल्या. जुन्या पद्धतीने एकदाच बोटं दाखवली. दोन. हळूचा. तुबाने मान हलवली.

साधनाने बॅट फिरवली, पण चेंडू बॅटच्या वरच्या अंगाला लागून सरळ आभाळात गेला. नीलमने तोंडावरची जाळी भिरकावली आणि वर बघत मागे मागे धावत सुटली, आमच्याच दिशेने. जाळीच्या खांबापाशी ती पोचली, एक पाय घसरला, गुडघ्यावर पडली, आणि चेंडू मोज्यात. माझ्यापासून दोन हातांवर. धूळ उडाली तेव्हा ती तशीच गुडघ्यावर बसून मोज्यात बघत होती. चेंडू आहे ना, खात्री करून घेत होती.

सगळ्या पोरी तिच्यावर पडल्या. त्यांच्या ढिगाऱ्यात साधनाही दिसली. तिने नीलमला हाताला धरून उठवलं आणि एवढंच म्हणाली, "हलकट, दोन बोटंच दाखवली असतीन तू."

कुलदीपचं पुढे काय झालं, ते मला नीट माहीत नाही. तक्रार लेखी गेली, साधनाने स्वतः तिच्यावर सही केली, एवढं कळलं.

परतताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि नीलमला म्हणाले, "सोमवारी सहा वाजता मैदानावर ये. अपेक्षाले घेऊन बस. तिले सगळ्या खुणा शिकव."

नीलमचा हात कपावर थांबला. "अन् मी?"

"तू काय तू? तू कॅचर. पुढच्या हंगामाचा कागद मी सकाळीच लिहून ठेवला होता, फक्त नावाची जागा मोकळी होती. आता लिहिलं." त्यांनी खिशातला कागद काढून दाखवला. नाव लिहिलेलं होतं. शाई ओली होती, थोडी पसरलीही होती.

 नीलमने चहा संपवला, आणि आणखी एक मागितला.

गाडीत ती दुर्गाबाईंच्या शेजारी बसली. पडल्यामुळे गुडघा सुजला होता. थोड्या वेळाने पाहिलं, तर सासूने तिचा पाय आपल्या मांडीवर घेतलेला आणि पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली उघडलेली.

"दुखते का?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग तोंड काहून वाकडं करून राहिली? सरळ बस. अन् तुबा, तू इकडे ये माय. उद्यापासून तुह्या दादीले विचारून मले फोन करत जा, का तुमच्याकडं कितवा चांद. मी कॅलेंडरवर दोन्ही लिहीन."